कोंबडीच्या पोटातली मेस

आधी एक कबुली देते. माझं शिक्षण बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीचा पेपर मी नेहमी "पास झाले ना, बस्स!" या हिशेबाने लिहिला. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर सांभाळून घ्या. आणि दुसरी गोष्ट, मी मेकॅनिकलची. पंप, पाइप, प्रेशर यांच्याशी आमची दोस्ती. मग हिने कोंबडीच्या पोटावर लेख का लिहिला, असं तुम्ही विचारालच. त्याचं उत्तर म्हणजेच हा लेख.

तर झालं असं...

आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी इथेच शहापूरजवळ राहतात. घरामागे त्यांच्या चार-पाच गावरान कोंबड्या नेहमीच असायच्या. गेल्या पावसाळ्यात त्यांनी हिंमत करून हॅचरीची वीस पिल्लं विकत घेतली. अंडी विकून मुलीच्या बसच्या पासचे पैसे निघतील, असा साधा हिशेब. पिल्लं महिन्याभराची झाली आणि त्यांना हगवण लागली. मावशींनी एका दुकानातून अँटिबायोटिकची पुडी आणली, पाण्यात कालवून पाजली. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

एका रात्री पोळ्या वाढता वाढता त्या म्हणाल्या, "काऊन पोरी, तुमी एवढं शिकता, मोबाइलवर सारं दिसते म्हणता. माह्या पिल्लाइचं काई सांग ना!"

मला एकदम अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. मोबाइल काढला, तासभर वाचलं. "प्रीबायोटिक" नावाचा शब्द सापडला. वनस्पतींपासून मिळणारा, औषध नसलेला, पोट सुधारणारा पदार्थ! यादीत गवारीच्या बियांचा डिंकही होता. गवार तर मावशींच्या परसातच. वाळलेल्या शेंगांच्या बिया मिक्सरमध्ये दळल्या आणि "नैसर्गिकच आहे, जास्त दिलं तरी काय होणार" म्हणून खाद्यात मूठ-मूठ घातल्या.

पाच दिवसांत पिल्लांची विष्ठा चिकट, गोंदासारखी झाली. मागची पिसं चिकटून गेली. सहाव्या दिवशी तीन पिल्लं मेली. मावशी मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग आम्ही जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. एक मेलेलं पिल्लू आणि विष्ठेचा नमुना घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हे जिवाणू नाहीतच. कॉक्सिडिया आहे, रक्ती हगवण. ओल्या गादीमुळे झाली." म्हणजे दुकानातली पुडी चुकीची होती आणि माझी गवार तर त्याहून चुकीची! योग्य औषध, कोरडा भुसा आणि स्वच्छ पाणी, एवढ्यावर बाकीची सतरा पिल्लं वाचली.

त्यानंतर मी ठरवलं की हा विषय अर्धवट सोडायचा नाही. जे कळलं ते तुमच्यासमोर मांडते.

पोट म्हणजे हॉस्टेलच!

कोंबडीच्या आतड्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. काही उपकारी, काही उपद्रवी, बरेचसे आपल्या कामाशी काम ठेवणारे. जागा मर्यादित आणि जेवण मर्यादित. अगदी आपल्या हॉस्टेलसारखं. सगळ्या खोल्या चांगल्या मुलांनी आधीच भरलेल्या असतील, तर उपद्रवी पाहुण्याला राहायला जागा मिळत नाही आणि तो आपोआप बाहेर पडतो.

ही नुसती उपमा नाही. १९७३ साली फिनलंडमध्ये नुर्मी आणि रँताला या शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना त्यांनी मोठ्या, निरोगी कोंबड्यांच्या आतड्यातला अंश पाजला. अशा पिल्लांमध्ये साल्मोनेला नावाचा जिवाणू सहज ठाण मांडू शकला नाही. न पाजलेल्या पिल्लांमध्ये मात्र तो सहज घुसला.

आता विचार करा. गावरान कोंबडी स्वतः अंडी उबवते, पिल्लं तिच्या पंखाखाली वाढतात, ती जिथे उकरते तिथेच टोचतात. आईचे चांगले भाडेकरू पहिल्या दिवसापासून पिल्लाच्या पोटात राहायला येतात. हॅचरीच्या पिल्लाने आई पाहिलेलीच नसते. मशिनमध्ये उबवलं, डब्यात भरलं, गाडीत चढवलं. त्याच्या पोटातलं हॉस्टेल रिकामं असतं आणि जो पहिला येईल तो खोली पकडतो. मावशींच्या जुन्या कोंबड्या ठणठणीत आणि नवी पिल्लं नाजूक, यात हाही एक भाग असावा. अर्थात मोठ्या कोंबड्यांची रोगांशी आधीच ओळख झालेली असते, हेही आहेच.

प्रोबायोटिक आणि प्रीबायोटिक

हे दोन शब्द ऐकायला जुळे भाऊ वाटतात, पण काम वेगळं. प्रोबायोटिक म्हणजे चांगले जिवाणू जिवंतच पोटात सोडणे, म्हणजे हॉस्टेलमध्ये नवीन ॲडमिशन. प्रीबायोटिक म्हणजे आधीच राहणाऱ्या चांगल्या जिवाणूंना त्यांच्या आवडीचं जेवण देणे, म्हणजे त्यांच्यासाठी चालवलेली मेस.

"प्रीबायोटिक" हा शब्द ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रॉबरफ्रॉइड यांनी १९९५ साली वापरात आणला. एखादा पदार्थ प्रीबायोटिक ठरायला तीन गोष्टी लागतात. एक, तो प्राण्याच्या स्वतःच्या पाचकरसांनी पचू नये. दोन, तो सगळ्यांनी नाही, तर निवडक जिवाणूंनीच खावा. तीन, त्यातून त्या प्राण्याचा फायदा व्हावा. यातली दुसरी अट फार महत्त्वाची. मेस सर्वांसाठी खुली ठेवली तर उपद्रवी मंडळीही ताट घेऊन हजर!

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इन्युलिन. फ्रुक्टोज साखरेचे मणी एकापुढे एक ओवलेली ही माळ असते. मण्यांमधली गाठ अशी, की कोंबडीच्या काय, आपल्याही पाचकरसांना ती सुटत नाही. कांदा, लसूण, गहू, शतावरीची मुळं यांत अशा माळा असतात. चिकोरीच्या मुळात तर भरपूर, म्हणून कारखान्यात इन्युलिन मुख्यतः चिकोरीपासूनच काढतात. हो, तीच चिकोरी जी फिल्टर कॉफीत मिसळतात आणि आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये पिकते. पण कॉफीसाठी ती भाजतात आणि भाजताना इन्युलिनचा बराचसा भाग मोडून जातो. त्यामुळे कॉफीची पावडर कोंबड्यांना घालायला जाऊ नका!

आत नेमकं काय घडतं?

कोंबडीने दाणा गिळला की तो आधी गळ्याजवळच्या थैलीत थांबतो. मग जठरात आम्ल मिळतं. मग आपण दुकानात ज्याला पोटा म्हणतो तिथे खड्यांनी दळला जातो. पुढे लहान आतडं. हा सगळा प्रवास काही तासांचा. आमच्या भाषेत सांगायचं तर रेसिडन्स टाइम फार कमी. पाइपमधून वेगाने वाहणाऱ्या प्रवाहात जिवाणूंना स्थिर होऊन काम करायला वेळच मिळत नाही.

पण लहान आतड्याच्या शेवटी दोन बंद तोंडाच्या पिशव्या असतात. त्यांना सीका म्हणतात. बारीक आणि विरघळलेला माल तिथे शिरतो आणि बराच वेळ मुक्काम करतो. हाच कोंबडीचा खरा फर्मेंटर. तापमान एक्केचाळीस अंशांच्या वर, हवा नाही, ओलावा भरपूर. न पचलेलं इन्युलिन इथे पोहोचलं की लॅक्टोबॅसिलस, बायफिडोबॅक्टेरियम यांसारखे जिवाणू त्यावर ताव मारतात. त्यातून लॅक्टिक आम्ल, ॲसिटिक आम्ल तयार होतं. ही आम्लं खाऊन दुसरे काही जिवाणू ब्युटिरिक आम्ल बनवतात.

याचा फायदा दुहेरी. आम्लामुळे पीएच खाली येतो आणि साल्मोनेलासारख्यांना तिथे वाढणं अवघड जातं. आणि ब्युटिरिक आम्ल हे आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं इंधन आहे. अस्तर मजबूत तर भिंत मजबूत. गंमत बघा, जेवण दिलं जिवाणूंना आणि भिंत बांधली गेली कोंबडीची!

माझी गवार का चुकली?

गवारीच्या डिंकाबद्दल मी वाचलं ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. प्रीबायोटिक म्हणून जो वापरतात तो डिंक आधी एन्झाइमने कापून त्याच्या लांबलचक साखळ्या आखूड केलेला असतो. तो पाण्यात घातला तर पाणी पाण्यासारखंच राहतं. मी दिली होती कच्ची दळलेली बी. तिच्यातल्या साखळ्या अखंड. अख्खा डिंक पाण्यात पडला की थोड्याशा मात्रेतही पाणी दाट होतं. म्हणून तर तो आइस्क्रीम आणि सॉस घट्ट करायला वापरतात.

व्हिस्कॉसिटीवर मी सेकंड इयरला चांगले मार्क मिळवले होते. तरी हे डोक्यात आलं नाही! आतड्यातला द्रव दाट झाला की पाचकरस दाण्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत, पचलेलं अन्न भिंतीपर्यंत पोहोचत नाही. न पचलेला माल पुढे सरकतो आणि उपद्रवी जिवाणूंना आयती मेजवानी मिळते. वरून विष्ठा चिकट, म्हणजे खालची गादी आणखी ओली. आणि ओली गादी म्हणजे कॉक्सिडियाला निमंत्रणच. मी आजारावर उपाय नाही, तेल ओतत होते.

म्हणून "नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक आहे" हे वाक्य मी आता ऐकलं की सावध होते. प्रश्न तीन विचारायचे. कोणता पदार्थ, कोणत्या रूपात, किती?

"किती" चा हिशेब

चला, एक छोटं गणित. वाढलेली अंड्याची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. त्यात अर्धा टक्का इन्युलिन द्यायचं ठरवलं तर दिवसाला सुमारे ०.५५ ग्रॅम लागेल. कांद्यात ते तीन टक्के आहे असं धरू. म्हणजे एका कोंबडीला रोज १८ ग्रॅम कांदा आणि सतरा कोंबड्यांना तीनशे ग्रॅमच्या वर. रोज! चिकोरीच्या ताज्या मुळात ते पंधरा टक्के धरलं, तर हेच काम एका कोंबडीमागे जेमतेम चार ग्रॅममध्ये होतं.

त्यातून कांद्याची दुसरी बाजू. कांद्यातली गंधकयुक्त द्रव्यं जनावरांच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. गाई-म्हशींना याचा त्रास फार लवकर होतो. भाव पडला की कांद्याचा ढीग जनावरांपुढे टाकला जातो, तेव्हा हे आठवावं. थोडी सालं-पातीचे तुकडे कोंबड्यांनी टोचले तर गोष्ट वेगळी, पण कांदा हे मात्रेत बसणारं प्रीबायोटिक नाही.

आणखी एक गोंधळ. लसूण, हळद, ओवा, कडुनिंब यांना सरसकट प्रीबायोटिक म्हणायची फॅशन आहे. यांचा जो काही परिणाम होतो तो मुख्यतः त्यांच्या तेलांमुळे आणि तिखट-कडू द्रव्यांमुळे. ती द्रव्यं जिवाणूंना जेवण घालत नाहीत, उलट काहींना मारतात. लसणात दोन्ही आहे, माळाही आणि उग्र द्रव्यही. पण हळद म्हणजे मेस नव्हे!

आपल्या भंडाऱ्यात काय आहे?

आपला जिल्हा धानाचा. राइस मिलमध्ये धान भरडलं की आधी निघतं तूस. त्यात खाण्यासारखं जवळजवळ काही नसतं. ते गादीला उत्तम. मग तांदूळ पांढरा करताना निघतो तो कोंडा. त्यात तेल, प्रथिनं आणि अराबिनोझायलन नावाचा तंतू असतो. हा तंतू कोंबडीला पचत नाही. त्याचा थोडा भाग जिवाणूंच्या कामी येतो. एन्झाइमने तो आखूड कापला तर त्यापासून चांगलं प्रीबायोटिक बनू शकतं.

मावशी जुन्या कोंबड्यांना वर्षानुवर्षं कोंडा, भाजीचे देठ आणि कण्या मिसळून देत आल्या आहेत. त्या वर परसात गवत, किडे, बिया टोचतातच. प्रीबायोटिक हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता, पण थोडी मेस त्या चालवतच होत्या. फक्त एक काळजी. ताजा कोंडा ठेवला की त्यातलं तेल लवकर खवट होतं. खवट वास आला की फेकून द्यायचा. तेल काढलेला कोंडा जास्त टिकतो.

डाळींच्या चुनीत आणि सोयाबीनमध्येही न पचणाऱ्या साखरा असतात. चण्याची उसळ खाल्ल्यावर आपल्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये जे वातावरण होतं, ते त्याच साखरांमुळे! त्याही थोड्या असतील तर जिवाणूंना चांगल्या, जास्त झाल्या तर पातळ विष्ठा.

गाईचं गणित उलटं

गाईचं काय? इथे पुन्हा इंजिनिअरिंग लागतं. कोंबडीत फर्मेंटर पाइपच्या शेवटी आहे, गाईत तो सुरुवातीलाच. मोठ्या गाईचं पहिलं पोट शंभर लिटरहून मोठी टाकी असते. तणस असो की हिरवा चारा, आधी तिथले जिवाणू खातात आणि मग गाय त्यांच्या कमाईवर जगते. त्यामुळे मोठ्या गाईला महागडं इन्युलिन खाऊ घातलं तर ते पुढच्या आतड्यापर्यंत पोहोचतच नाही. तिचं प्रीबायोटिक म्हणजे वेळेवर मिळणारा, हळूहळू बदललेला चांगला चारा.

वासराची गोष्ट वेगळी. दूध पिताना त्याच्या अन्ननलिकेच्या पुढे एक पन्हाळ बनते आणि दूध पहिलं पोट टाळून थेट पुढे जातं. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत वासराच्या आतड्यात अशा पदार्थांचा उपयोग होऊ शकतो. पण त्याआधी जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत पोटभर चीक. रोगाशी लढणारी द्रव्यं तर त्यात असतातच, शिवाय चांगल्या जिवाणूंना आवडणाऱ्या साखरेच्या माळाही. निसर्गाने मेस आईच्या कासेतच ठेवली आहे.

आता आपल्या सगळ्यांच्या कामाची गोष्ट. मेसमधला किंवा पंगतीतला उरलेला भात पातेलंभर गाईसमोर ओतणं हे पुण्य नाही. शिजलेला भात त्या टाकीत झपाट्याने आंबतो, लॅक्टिक आम्ल साचतं, एरवी सहा-सातच्या दरम्यान असलेला पीएच पाचच्या जवळ कोसळतो. चांगले जिवाणू मरतात, गाय चारा सोडते, कधी कधी दगावते. जे लॅक्टिक आम्ल कोंबडीच्या सीकात मित्र, तेच गाईच्या पहिल्या पोटात जास्त झालं तर वैरी. ताटात भात कमी घ्या, हाच उत्तम उपाय.

एवढा खटाटोप कशासाठी?

१९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लक्षात आलं की अँटिबायोटिक बनवताना उरलेला चोथा पिल्लांना दिला तर ती झपाट्याने वाढतात. मग जगभर निरोगी कोंबड्या-डुकरांनाही वजन वाढावं म्हणून रोज थोडं अँटिबायोटिक देणं सुरू झालं. पण रोज थोडा मार खाऊन जे जिवाणू टिकतात ते कोडगे होतात आणि तोच कोडगेपणा माणसांच्या आजारातही आडवा येतो. स्वीडनने १९८६ साली वाढीसाठीचा हा वापर बंद केला. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून तो पूर्ण थांबवला. अमेरिकेने माणसांसाठी महत्त्वाच्या औषधांबाबत २०१७ पासून. आपल्या देशात जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधावर अन्नासाठी पाळलेल्या जनावरांपुरती बंदी आली, कारण बाकी औषधं हरल्यावर माणसाला वाचवायला जी थोडी उरतात त्यांतलं ते एक.

ही जागा भरून काढायला प्रीबायोटिक पुढे आलं. पण ते जादू नाही. काही प्रयोगांत वजन आणि आरोग्य सुधारलं, काहींत फरकच पडला नाही. ते आजार बरा करत नाही, मानमोडीची लस टाळू देत नाही, घाणेरडी गादी झाकू शकत नाही. मेस कितीही चांगली असो, हॉस्टेलचं छत गळत असेल तर मुलं आजारी पडणारच ना?

जाता जाता

घरी कोंबड्या असतील तर एवढं लक्षात ठेवा. गादी कोरडी, पाणी स्वच्छ, लस वेळेवर. खाद्यात बदल हळूहळू. नवा पदार्थ आधी दोन-तीन कोंबड्यांना, चिमूटभर. विष्ठेत रक्त किंवा सुस्ती दिसली तर मोबाइल नाही, डॉक्टर! आणि अँटिबायोटिक त्यांच्या चिठ्ठीशिवाय नाही.

मावशींची सतरा पिल्लं आता कोंबड्या झाल्यात. तीन पिल्लांचे पैसे मी त्यांना देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. परवा पहिली अंडी त्यांनी मेसमध्ये आणली आणि माझ्या ताटात एक जास्त वाढलं. म्हणाल्या, "खाय पोरी. पण आता काई नवीन वाचलं तं आधी डॉक्टरले इचारजो."

मी मान हलवली. चार वर्षांच्या डिग्रीत मला मिळालेला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग सल्ला तोच!